शेवाळ आणि माझा संयम



नातू शिकायला पुण्याला गेला आणि त्याचा फिश टँक माझ्या गळ्यात पडला. आत खऱ्या वनस्पती आणि सात टेट्रा मासे. जीव डांबून ठेवणं मला मुळातच पटत नव्हतं. तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आहेत, त्यातला पहिलाच ‘बंध’. पण परदेशी मासे नदीत सोडणं म्हणजे त्यांचं आणि नदीतल्या जीवांचंही नुकसान. म्हणून सांभाळायचं ठरवलं.

श्रावणात दिव्याचा टायमर बिघडला. सकाळी लावलेला दिवा रात्री झोपतानाच बंद व्हायचा. काही दिवसांतच काचेवर हिरवा थर आणि पानांवर केसांसारखे धागे. शेवाळ म्हणजे अनंतकाय! तेवढ्यात दशलक्षण पर्व लागलं. म्हटलं, दहा दिवस हात लावायचा नाही.

नेमकं उत्तम संयमाच्या दिवशी पहाटे पाहिलं, तर मासे वर येऊन तोंड उघडत होते. दोन गेलेले. धागे अडकून फिल्टरचा स्पंज तुंबला होता, पाणी फिरत नव्हतं. रात्री वनस्पतीही पाण्यातला प्राणवायू घेतात, हे मला ठाऊक नव्हतं. अनंतकाय वाचवते म्हणत मी दोन पंचेंद्रिय जीव गमावले. खरं सांगू? त्यात संयम कमी आणि आळस जास्त होता.

दुकानदार म्हणाला, शेवाळ मारायचं औषध घाला, नाहीतर शेवाळ खाणारा मासा घ्या. दोन्ही नको म्हटलं. वही घेतली आणि जमाखर्च मांडला. जमा: प्रकाश, माशांचं खाणं, त्यांची घाण. खर्च: वनस्पती वापरतात तेवढंच. शिल्लक उरते, त्यावर शेवाळ पोसतं.

मग नवा टायमर आणून दिवा सहा तासांवर आणला. टँक खिडकीतल्या उन्हापासून हलवला. खाणं दोन मिनिटांत संपेल इतकंच. आठवड्याला पाव भाग पाणी बदलते, आणि त्याच काढलेल्या पाण्यात स्पंज पिळते. नळाखाली धुवायचा नाही. माशांची घाण पचवणारे जिवाणू त्यात असतात, ते क्लोरीनने मरतात. आधीचे धागे मात्र हाताने काढावे लागले. त्याचं प्रायश्चित्त प्रतिक्रमणात घेतलं.

दीड-दोन महिन्यांत काच स्वच्छ राहू लागली. आपण माठाखालची जागा रोज कोरडी पुसतो, पापडांना ऊन दाखवतो, ते कशासाठी? जीव उत्पन्न झाल्यावर काय करायचं, ही वेळच येऊ नये म्हणून. हे मला स्वयंपाकघरात चाळीस वर्षं कळत होतं, टँकपाशी सुचलं नाही.

आता पाच मासे आहेत. ते असेपर्यंत निगुतीने सांभाळीन. नंतर टँक पुन्हा भरायचा नाही, हे नातवाला सांगून ठेवलंय. तो “बरं आजी” म्हणाला.