जोडी जुळली पाहिजे

आमचे गाव इस्लापूर, किनवट तालुक्यातले, मुदखेड-आदिलाबाद रेल्वे लाइनवरचे. तिथे आमचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. आम्ही मॅट्रिक नापास, पण हात बसलेला. त्या काळी परभणी केंद्र १३०५ किलोहर्ट्झवर लागे. रेडिओ आपल्या पोटात १७६० ची लहर तयार करतो. दोन्ही मिसळल्या की फरक उरतो ४५५. पुढचे सारे काम त्या ४५५ वर. या मिसळणाऱ्या भागाला मिक्सर म्हणतात, एवढे आम्हाला ठाऊक होते.

आमची थोरली इलेक्ट्रॉनिक्सची इंजिनिअर झाली. आमच्या खानदानात पहिलीच. एम.टेक.ला तिने विषय घेतला तोही मिक्सरचाच. पण मिलिमीटर लहरींचा, चिपवर बसणारा. गेल्या उन्हाळ्यात ती घरी आली ती तोंड पाडून.

"बाबा, मला नाही जमत. सर म्हणतात, सोपा विषय घे."

आम्ही म्हणालो, "माय, आधी आम्हाला समजावून तर सांग."

ती सांगू लागली. या लहरी ३० ते ३०० गिगाहर्ट्झच्या, लांबी दहा ते एक मिलिमीटर. जगदीशचंद्र बोसांनी कलकत्त्यात १८९० च्या दशकातच काही मिलिमीटरच्या लहरींवर प्रयोग केले होते. तिच्या मिक्सरमध्ये दोन डायोड. आतली लहर आपल्याबरोबर खरखर आणते. दोन्ही बाजू सारख्या असल्या तर ती खरखर एकमेकींना खोडते आणि बाहेरचा संदेश तेवढा राहतो. म्हणून त्याला बॅलन्स्ड मिक्सर म्हणायचे. तिचे डिझाइन संगणकावर पट्ट्याच्या खालच्या टोकाला नीट चाले, वरच्या टोकाला तोल जाई.

आम्हाला आमचे दिवस आठवले. रेडिओच्या आउटपुटला एसी १२८ ट्रान्झिस्टरची जोडी असायची. एक जळाला तरी आम्ही दोन्ही बदलत असू. एकटा नवा टाकला की आवाज फाटायचा. आम्ही म्हणालो, "डायोड जुळलेले असतील, पण तिथवर जाणाऱ्या वाटा सारख्या आहेत का?"

ती गप्प झाली. रात्री उशिरापर्यंत पडद्यासमोर बसली. सकाळी चहा ठेवताना म्हणाली, "बाबा, एका वाटेला वळण आहे. मिलिमीटरचा दहावा भाग जास्त."

आमच्या रेडिओत एवढ्याने काय होते? तिथे लहर दोनशे मीटरांहून लांब. पण ६० गिगाहर्ट्झची लहर हवेतच पाच मिलिमीटर, गॅलियम आर्सेनाइडच्या चिपवर त्याच्या निम्म्याहून कमी. लहर जितकी आखूड, तितके तेच वळण जड. म्हणून खाली चाले, वर बिघडे.

वळण काढल्याने सगळे सुटले नाही. पूर्ण पट्टा सांभाळायला तिला पुढे चार महिने लागले. पण विषय तिने बदलला नाही.

आई-बापहो, लेकरू मोठ्या विषयाला हात घालून घाबरले, तर "आपल्याला काय कळते" म्हणून उठून जाऊ नका. शेजारी बसा, विचारा. समजावून सांगता सांगता त्याचे त्यालाच सापडते.