चाकू कोणाचा?

माझ्या कपाटात ४३ चाकू आहेत हे कळले, की घरी आलेला पाहुणा खुर्ची थोडी मागे सरकवून बसतो. मग मी खण ओढून दाखवतो आणि त्याची निराशा होते. त्यात कट्यार नाही, जंबिया नाही, कोणा सरदाराच्या कमरेला असलेले काही नाही. सगळे मिटवायचे, खिशात मावणारे, पेन्सिल तासण्याचे आणि पेरू कापण्याचे चाकू. "एवढे कशाला लागतात हो?" हा पुढचा प्रश्न ठरलेला. आमच्या घरातही तो गेली तीस वर्षे विचारला जात आहे आणि त्याला पटेल असे उत्तर मला अजून सुचलेले नाही.

हा नाद मला लागला पुण्याच्या जुन्या बाजारात. एका रविवारी मी तिथे टेबलपंख्याचे पाते शोधायला गेलो होतो. पंख्याचे मिळाले नाही, पण गंजकी कुलुपे, बिजागऱ्या आणि वाटेल त्या आकाराचे स्क्रू यांच्या ढिगातून एक मिटलेला चाकू हाती लागला. मूठ शिंगाची, खडबडीत. पाते गंजाने इतके धरलेले की नखाने उघडेना. घरी आणून रॉकेलमध्ये बुडवून ठेवला. दुसऱ्या दिवशी तो उघडला आणि चिंधीने पुसता पुसता पात्याच्या मुळाशी बारीक अक्षरे दिसू लागली. आधी एक तारा, त्याच्याजवळ एक क्रूस, मग नाव आणि गाव : जोसेफ रॉजर्स, शेफील्ड. पाटीवर पुसलेली अक्षरे पुन्हा उमटावीत तसे मला वाटले. पंखा त्या उन्हाळ्यात तसाच राहिला.

चाकू ओळखायचा तो पात्याच्या मुळाशी. मुठीत शिरण्यापूर्वी पात्याचा जो बोथट चौकोनी भाग असतो, तिथे कारागीर आपली मुद्रा उमटवतो. इंग्लंडातल्या शेफील्ड गावी चाकू-सुऱ्या करणाऱ्यांचा संघ १६२४ साली पार्लमेंटच्या कायद्याने स्थापन झाला आणि कोणाची मुद्रा कोणती हे तो संघ नोंदवून ठेवू लागला. तारा आणि माल्टाचा क्रूस ही रॉजर्सची मुद्रा. हे रॉजर्स मोठे हौशी. १८२२ साली त्यांनी १८२२ पात्यांचा एक चाकू केला आणि पुढे सन वाढत गेला तशी त्याची पातीही वाढवीत नेली!

या मुद्रांवरून चाकूचे वय काढता येते. निदान तो कशाच्या आधीचा नाही, एवढे तरी नक्की सांगता येते. मुकुटाच्या दोन बाजूंना व्हिक्टोरिया राणीची आद्याक्षरे असली, तर तो १८३७ च्या आधीचा नव्हे. अमेरिकेने १८९० साली कायदा करून परदेशी मालावर त्याच्या देशाचे नाव सक्तीचे केले. तेव्हा शेफील्डच्या जोडीला 'इंग्लंड' हा शब्द दिसला, तर चाकू बहुधा त्यानंतरचा. 'स्टेनलेस' असे कोरले असेल, तर तो १९१३ नंतरचा, कारण न गंजणारे ते पोलाद शेफील्डच्या हॅरी ब्रिअर्लीने त्या वर्षी प्रथम ओतले. मग मूठ पाहायची. शिंग की हाड? शेफील्डच्या उत्तम चाकूंना लागणारे शिंग पुष्कळदा आपल्याकडच्या सांबराचे असे. सांबर दर वर्षी शिंगे टाकते. रानात वेचलेली ती शिंगे जहाजाने विलायतेला जात आणि चाकूच्या मुठी होऊन इथल्याच दुकानांत परत येत. पुढे आपल्या सरकारने ही निर्यात बंद केली. स्वस्त चाकूला मात्र गुराचे हाड लावीत, त्याला खाचा पाडीत आणि रंग देऊन शिंगासारखे दिसेल असे करीत. भिंगातून पाहिले, तर हाडात सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके दिसतात. शिंगात ते तसे दिसत नाहीत.

आणि नाव नीट वाचायचे. रॉजर्स इतके गाजले, की त्यांच्या नावाचे चाकू भलतेच लोक करू लागले. खऱ्या नावात, 'ज'चा उच्चार दाखवणाऱ्या इंग्रजी अक्षराच्या आधी, एक 'डी' असतो. नकली चाकूवर तेवढा 'डी' गाळलेला असे. कानाला दोन्ही नावे सारखीच. आपल्या देवनागरीत तर दोन्ही 'रॉजर्स'च लिहावी लागतात. फरक दाखवण्याची सोयच नाही. जर्मनीतून येणाऱ्या अशा मालाचा इंग्रजांना फार जाच होऊ लागला, तेव्हा १८८७ साली त्यांनी कायदा केला, की मालावर इंग्रजी कारखान्याचा भास होईल असे नाव असले, तर मूळ देशही लिहिला पाहिजे. दोन वर्षांनी तसाच कायदा हिंदुस्थानातही आला. म्हणून पात्याची मागची बाजू पाहायला विसरू नये.

तुम्ही म्हणाल, या विद्येचा उपयोग काय? मीही तसेच म्हणत असे. पण एकदा मी तिचा उपयोग केला. त्याचीच गोष्ट सांगायची आहे.

आमच्या घराण्यात प्रसिद्ध अशी एकच वस्तू होती. ती म्हणजे आजोबांचा चाकू. आजोबा मामलेदार कचेरीत कारकून होते. कोणी एक गोरा साहेब बदली होऊन निघाला, तेव्हा त्यांच्या सुवाच्य अक्षरावर खूश होऊन त्याने स्वतःच्या खिशातला चाकू काढून त्यांना दिला, अशी हकीकत आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. "अस्सल रॉजर्स, सांबरशिंगाची मूठ," हे त्या हकीकतीचे शेवटचे वाक्य. आजोबांमागे चाकू काकांकडे आला. काका राजापूर तालुक्यातल्या आमच्या गावीच राहिले. मे महिन्यात आम्ही सारी मुले तिथे जमलो, की दुपारी पडवीत काका मांडी घालून बसत, बंडीच्या खिशातून तो चाकू काढीत आणि हापूस कापीत. साल तुटू न देता सबंध उतरवायचे, फोड काढायची आणि पात्यावरूनच एकेकाच्या हातावर सरकवायची. त्या पात्यावरून मी किती फोडी खाल्ल्या असतील, त्याची गणती नाही. पण त्याच्या मुळाशी काय लिहिले आहे, ते वाचण्याचे तेव्हा कधी मनात आले नव्हते.

२०११ सालच्या मे महिन्यात बऱ्याच वर्षांनी गावी गेलो. काका ऐंशीचे झाले होते. पडवी भरलेली होती : काकू, त्यांचे दोन मुलगे, सुना, जावई, नातवंडे. माझ्या नादाची कीर्ती तिथवर पोचली होती. काकांनी आंबा बाजूला ठेवला, चाकू पुसला आणि म्हणाले, "तू आता यातला जाणता. या पोरांना सांग एकदा, याची किंमत काय ती. यांना वाटते, म्हातारा थापा मारतो."

मला मनातून आनंद झाला, हे कबूल केले पाहिजे. इतक्या वर्षांत माझी विद्या कोणी आपण होऊन विचारली नव्हती. मी चष्मा चढवला, खिशातले भिंग काढले. पाते अर्ध्यावर झिजले होते, पण मुळाशी अक्षरे शाबूत होती. 'डी' नव्हता. तारा नव्हता, क्रूस नव्हता. मागे वळवून पाहिले, तर बारीक अक्षरांत 'जर्मनी'. मुठीवर भिंग धरले. काळे ठिपके.

त्या वेळी मी चाकू मिटून ठेवायला हवा होता. पण गणित सुटलेल्या पोराला उत्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. मी सगळे सांगितले : 'डी'ची गोष्ट, कायद्याची गोष्ट, हाड आणि शिंग. पोरे भोवती जमली आणि एकेकाने भिंगातून ठिपके पाहिले. मला अधिकच रंग चढला. मी म्हणालो, "म्हणजे एक तर तो साहेबच फसला होता, नाहीतर आजोबांनी..."

तिथे मी थांबलो. पण उशीर झाला होता.

"नाहीतर काय?" काकांनी विचारले.

मी काही बोललो नाही. जावई हळूच हसले. काकूंनी "चहा टाकते" म्हणून आत पाय वळवला. काकांनी चाकू माझ्या हातून घेतला, मिटला आणि खिशात घातला. मग नातीला म्हणाले, "आतून विळी आण गो."

आंबे त्या दिवशी विळीवर चिरले. काका विळीवर बसलेले मी जन्मात पाहिले नव्हते. फोडी जाड, वेड्यावाकड्या होत होत्या. माझ्या वाट्याची फोड मी खाल्ली. ती गोड होती की आंबट, हे मला आठवत नाही. दुसऱ्या दिवशीही विळी, तिसऱ्या दिवशीही विळी. चौथ्या दिवशी मी पुण्याला परतलो.

ते वर्ष मला वाईट गेले. मी खोटे बोललो नव्हतो, ही माझी बाजू पक्की होती आणि तिचा काडीचा उपयोग होत नव्हता. कोणाच्या घरी जाऊन मी त्याच्या वडिलांना अर्ध्या वाक्यात लबाड ठरवले होते. आणि ते वडील माझेच आजोबा होते. शेवटी संग्राहकाला सुचावा असाच उपाय मला सुचला. माझ्याकडचा सर्वांत चांगला रॉजर्स काढला, जुन्या बाजारातला तो पहिलाच. मूठ खऱ्या सांबरशिंगाची, पाते भरलेले, मिटताना 'टक्' असा आवाज करणारा. त्याला तेल दिले आणि पुढच्या मे महिन्यात तो घेऊन गावी गेलो.

दुपारी पडवीत आम्ही दोघेच होतो. मी चाकू पुढे ठेवला. म्हणालो, "काका, हा तुमच्यासाठी. हा अस्सल आहे."

काकांनी तो उचलला. मूठ चाचपली, पाते उघडले, अंगठ्यावर धार पाहिली. दोनदा मिटून त्याचा आवाज ऐकला. "फार चांगला आहे," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहून विचारले, "पण हा कोणाचा?"

"जोसेफ रॉजर्स, शेफील्ड," मी म्हणालो. "साधारण..."

"ते झाले करणाऱ्याचे नाव. चाकू कोणाचा?"

मी गप्प राहिलो. मुद्रेवरून कारखाना सांगता येतो, देशाच्या नावावरून काळ सांगता येतो, मुठीवरून जनावर सांगता येते. पण तो कोणाच्या खिशात राहिला, त्याने काय कापले, आणि शेवटी कोणी तो रद्दीबरोबर भंगारवाल्याला दिला, हे चाकूवर कुठेही लिहिलेले नसते. ज्याच्या हाताने ती मूठ गुळगुळीत झाली, त्याच्याविषयी मी कधी विचारसुद्धा केला नव्हता.

काकांनी आपल्या खिशातून आजोबांचा चाकू काढला. म्हणजे वर्षभर तो तिथेच होता. "साहेबाने दिला की नाही, मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "दिला असेल, नसेल. बाबांना तसे सांगायला आवडायचे. मी सात वर्षांचा असताना माझा पहिला बोरू त्यांनी याच चाकूने तासला. कंदिलापाशी बसून, कत मारून, नखावर टोक तपासून हातात दिला. शाळेत सगळ्या पोरांचे बोरू मास्तर तासायचे. माझा तेवढा घरून तासलेला असायचा."

जुन्या दप्तरांतले कारकून बोरू तासण्याच्या चाकूला कलमतराश म्हणत. इंग्रजांच्या खिशातल्या चाकूचे नावही पिसाची लेखणी तासण्यावरूनच पडले आहे. हे सगळे मला ठाऊक होते. त्या दुपारी मी ते सांगितले नाही.

काकांनी माझा चाकू मिटला. चाकू कोणाच्या हातात देऊ नये, म्हणून त्यांनी तो माझ्यासमोर चटईवर ठेवला. "तुझा तुझ्याकडेच राहू दे. माझ्याकडे तो नुसता पडून राहील." मग टोपलीतला आंबा घेतला आणि आजोबांच्या चाकूने साल उतरवायला सुरुवात केली. साल तुटली नाही. पहिली फोड त्यांनी पात्यावरून माझ्या हातावर सरकवली.

काका २०१६ साली गेले. चाकू आता त्यांच्या नातवाकडे आहे. भिंगातून ठिपके पाहणाऱ्यांत तो सर्वांत पुढे होता. त्याला सगळे ठाऊक आहे, आणि तरीही तो चाकू जवळ बाळगतो, असे ऐकतो.

माझा संग्रह आहे तसाच आहे. त्याची मी एक वही ठेवली आहे. तीत रकाने आहेत : कारखाना, मुद्रा, अंदाजे साल, मूठ, कुठे मिळाला. काकांकडून आल्यावर मी शेवटी आणखी एक रकाना आखला आणि वर लिहिले, 'कोणाचा'. आता जुन्या बाजारात चाकू घेताना मी विकणाऱ्याला तो प्रश्न विचारतो. तो माझ्याकडे वेडा समजून पाहतो आणि पाच रुपये जास्त सांगतो.

त्या रकान्यात आजवर एकच ओळ भरता आली आहे. माझ्या आजोबांचे नाव आणि त्याखाली काकांचे. तो चाकू माझ्या संग्रहात नाही.