केरेनची आरोळी

मंगरूळपीर,
१५ मार्च

चि. बाळास,

बेळगावहून परवा फोनवर तू म्हणालास, पलटणीची आरोळी देताना अंगावर काटा येतो. ती कुठून आली ते तुला ठाऊक असावं, म्हणून मुद्दाम आजच्या तारखेला लिहितो आहे.

१९४१ साल, दुसरं महायुद्ध चालू. आफ्रिकेतल्या इरिट्रियात इटलीचं राज्य होतं. तिथली राजधानी अस्माराची वाट केरेन या गावावरून जायची आणि केरेनला शिरायचं तर डोंगोलासची खिंड ओलांडावी लागे. इटालियनांनी सुरुंग लावून दरडी पाडल्या, रस्ता बुजवला आणि वर डोंगरांवर तोफा-मशीनगन मांडल्या. फेब्रुवारीत इंग्रजांच्या फौजेतल्या आपल्या चौथ्या भारतीय डिव्हिजननं धडका दिल्या. माणसं गेली, वाट सुटली नाही. राजपुताना रायफल्सचे सुभेदार रिछपाल राम त्याच वेळी पडले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

मग १५ मार्च उजाडला. तुझ्याच मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या तिसऱ्या बटालियनकडे पिनॅकल नावाचा सुळका घ्यायचं काम होतं. उघडा खडक, वरून हातबॉम्ब, आणि रात्रीची चढण. गाडी त्या चढावर जात नव्हती. पाणी आणि काडतुसं माणसांनीच पाठीवर वाहून नेली. आपल्या रानात चैत्रातल्या दुपारी एक कळशी बांधावर नेताना जीव कसा होतो, ते तुला माहीत आहे. माझ्या तर लढाईपेक्षा ते पाणी वाहणारेच जास्त मनात येतात.

सुळका घेतला. दुसऱ्या दिवशी पहाटे वेस्ट यॉर्कशायर पलटणीनं पुढचा डोलोगोरोडोक किल्ला घेतला. इटालियनांनी तो परत मिळवायला हल्ल्यांमागून हल्ले केले, पण आपली माणसं हटली नाहीत. २७ मार्चला केरेन पडलं. ‘बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय’ ही आरोळी रणात पहिल्यांदा केरेनलाच उठली, असं रेजिमेंट सांगते.

बाळा, राज्य इंग्रजांचं होतं. आपला देश गुलाम असताना आपली पोरं परक्या मुलखात मेली, हे मला आजही सलतं. समोर इटलीच्या बाजूनं लढणारे कितीतरी आस्कारी शिपाई इरिट्रियाचेच होते. तेही परक्या राज्यासाठीच मेले. त्यांच्या मायाही दारात वाट पाहत बसल्या असतील. म्हणून मी त्या विजयाचे ढोल वाजवणार नाही, पण चढणाऱ्यांना विसरणारही नाही.

केरेनच्या युद्ध-दफनभूमीत, अग्नी दिलेल्या हिंदू आणि शीख शिपायांचं वेगळं स्मारक आहे. आपल्याकडून तिथे फूल वाहायला कोण जाणार? उद्या पहाटे आरोळी देशील, तेव्हा एकदा त्यांच्यासाठी आवाज लाव.

तुझा,
मामा