आठवणीचा शनिवार

मुलुंडच्या आमच्या इमारतीत तळमजल्यावर एक बेने इस्रायली कुटुंब राहते. त्यातले काका ऐंशीच्या घरात आहेत. वर्षातून एका शनिवारी, होळीच्या सुमारास, मी त्यांना रिक्षाने ठाण्याला नेतो. भाडे मी देतो, कारण शब्बाथच्या दिवशी पैशाला हात लावायचा नसतो. खरे तर वाहनातही बसायचे नसते. पण काका म्हणतात, "माझ्या गुडघ्यांनी वेगळा फतवा काढलाय."

ठाण्याचे 'शाअर हाशामाइम' हे सिनेगॉग १८७९ चे. काका मात्र "मशिदीत जायचंय" असेच म्हणतात. त्यांच्या जुन्या पिढीचा हाच शब्द. समाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ मध्ये मांडवी भागात स्थापलेले सिनेगॉग 'जुनी मशीद' म्हणून ओळखले गेले. मस्जिद बंदर स्टेशनाचे नाव त्यावरूनच पडले, असे अनेकजण मानतात. आमचे मूळ गाव रेवदंड्याच्या बाजूचे. तिकडे या लोकांना 'शनवार तेली' म्हणत. घाणा शनिवारी बंद. त्यांच्या उपासाला रोजा, एलूल महिन्यातल्या उपासांना चक्क रमजान, आणि एलियाहू हन्नाबीचा उरूस! त्या उरुसाला मलिदा होतो. आपल्या फातिहाच्या मलिद्यात चपाती कुस्करलेली असते, त्यांच्यात पोहे, गूळ आणि खोबरे. आपल्यातल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

उरूस झाला की त्यांचे वसंताचे दिवस सुरू होतात. पेसाहपर्यंत चार शनिवार खास. त्या दिवशी नेहमीच्या पाठानंतर तोरातला आणखी एक उतारा वाचतात. पहिला शनिवार अर्ध्या शेकेलचा. माणशी अर्धा शेकेल, श्रीमंताने जास्त द्यायचा नाही, गरिबाने कमी नाही. मला आपला फितरा आठवला. तोही माणशीच. दुसरा आठवणीचा. तिसरा लाल गायीचा. काकांना मी सूरह बकरातल्या पिवळ्या गायीची गोष्ट सांगितली तेव्हा ते बराच वेळ हसत होते. "गाय तुमच्याकडे येईपर्यंत रंग बदलला वाटतं!" चौथा निसान महिन्याचा, ज्यापासून त्यांचे महिने मोजायचे. चंद्र त्यांचाही, पण एकोणीस वर्षांत सात वेळा ते महिना वाढवतात, अधिकमासासारखा. म्हणून पेसाह वसंत सोडत नाही, आणि आपला रमजान सगळे ऋतू हिंडून येतो.

२३ मार्च २०२४ ला हे सगळे एकत्र आले होते. आमचा बारावा रोजा, दुसऱ्या दिवशी होळी, आणि दुसऱ्याच दिवशी पुरीम. त्याला काकी 'होळीचा सण' म्हणतात. पुरीमच्या आधीचा शनिवार म्हणजे आठवणीचा. अमालेकने काय केले ते आठवा आणि त्याचे नाव पुसून टाका, असा तो उतारा.

त्या वर्षी मी जाणार नव्हतो. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने केलेल्या हल्ल्यानंतर काकांची अश्दोदची मुलगी दिवसचे दिवस मुलांना घेऊन आसऱ्याच्या खोलीत होती. नंतर गाझातली पोरे ढिगाऱ्याखालून निघताना मी रोज टीव्हीवर पाहत होतो. ऑक्टोबरच्या अखेरीस इस्रायलच्या पंतप्रधानांनी भाषणात याच अमालेकचे नाव घेतले. शिवाय मला २५ फेब्रुवारी १९९४ विसरता येत नव्हता. त्या दिवशी पुरीम होता आणि आपला रमजान. हेब्रॉनच्या इब्राहीमी मशिदीत फजरच्या नमाजात एका ज्यू बंदूकधाऱ्याने २९ नमाजींना मारले. तो उतारा ऐकायला मी कुठल्या तोंडाने बसू? पण सकाळी काका कोट घालून जिन्याशी उभे होते. मी रिक्षा थांबवली. वाटेत दोघेही बोललो नाही.

लवकर पोहोचलो. दहा पुरुष झाल्याशिवाय तोरा बाहेर काढून वाचत नाहीत. मी नेहमीप्रमाणे मागच्या बाकावर, नमाजाची टोपी घालून. एक नवखा मुलगा मोजत आला आणि मला धरून दहा म्हणाला.

काका मागे वळले. "हा नाही. हा आपलाच आहे, पण हा नाही."

दहावा आला. मग आणखीही आले. चामड्यावर हाताने लिहिलेली दुसरी गुंडाळी उघडली. तीनच आयती, क्षणात संपल्या. मला हिब्रू येत नाही, अमालेक हा शब्द तेवढा कळला. माझे हात गार पडले होते.

परतताना मी विचारलेच. "काका, हे ऐकताना तुमच्या डोळ्यांपुढे कोण येतं?"

ते पटकन बोलले नाहीत. रिक्षा सिग्नलला थांबली तेव्हा म्हणाले, "अमालेकने काय केलं ते तिथं लिहिलंय. लोक चालून दमले होते. जे मागे पडले, त्यांच्यावर तो तुटून पडला. म्हातारी, पोरं, आजारी, आणखी कोण मागे पडणार?" मग रस्त्याकडे बघत म्हणाले, "मुलगी फोनवर रडते तेव्हा मला एक दिसतं. टीव्ही लावला की दुसरं दिसतं. म्हणून आता टीव्ही लावत नाही."

एवढेच. मला ते पुरेसे वाटले नाही. टीव्ही बंद करण्याची सोय गाझातल्या माणसाला नाही, हे ओठांवर आले होते. रोजा होता म्हणून की त्यांच्या वयाकडे पाहून, मी गिळले. ते मी का बोललो नाही, याचा विचार अजून करतो.

रविवारी सकाळी काका रिक्षाचे पैसे द्यायला आले. दरवर्षी येतात आणि मी घेतो, नाहीतर पुढच्या वर्षी ते मला बोलावणार नाहीत. संध्याकाळी इफ्तारला काकींनी पुरणपोळ्या पाठवल्या. ताट परत द्यायला गेलो तर कोपऱ्यात तांब्यापितळेची भांडी कल्हईसाठी काढून ठेवलेली. पेसाहला अजून महिना होता. जुन्या लोकांत पेसाहला 'अनाशी धाकाचा सण' म्हणतात, आंबट पदार्थाचे भांडे झाकून ठेवायचे म्हणून. दारावर गेल्या वर्षीचा कागद होता, त्यावर बकऱ्याच्या रक्तात बुडवून उठवलेला काकांचा पंजा. रंग तपकिरी झाला होता. मोहरमच्या पंजाची आठवण होऊन मी बघत राहिलो.

"नवा लागायचाय," काकी म्हणाल्या. "यंदा कागद जरा वर लावून देशील का? त्यांचा हात पोचत नाही आता."