दोन मोटारी, एक कुटुंब

पुण्याच्या सदाशिव, नारायण, शनिवार इत्यादि पेठांतील रस्ते मोटारीसाठीं आंखलेले नाहींत. माणसें, घोडीं व पालख्या यांच्या बेतानें ते झाले. त्यांवरून पुढें टांगे धांवले आणि सर्वांच्या मागून मोटार आली. अशा एखाद्या रस्त्याच्या कडेस जुनी पद्मिनी व नवी आल्ट्रोझ शेजारीं शेजारीं उभ्या दिसल्या, कीं त्यांची तुलना करण्याचा मोह आम्हांस आवरत नाहीं.

दोघीही आपल्याच प्रांतांतल्या. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यांत फियाट ११०० तयार होई. १९७४ पासून तिचें नांव ‘पद्मिनी’ झालें. आल्ट्रोझ ही टाटांच्या पिंपरी-चिंचवड येथील कारखान्याची लेक. ती २०२० च्या जानेवारींत बाजारांत आली.

जुनी गाडी मोठी व नवी आटोपशीर, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु मापें निराळेंच सांगतात. पद्मिनीची लांबी ३.९३ मीटर, तर आल्ट्रोझची ३.९९. रुंदी मात्र पद्मिनीची १.४६ मीटर आणि आल्ट्रोझची १.७५. म्हणजे नवी गाडीच जवळ जवळ एक फूट अधिक रुंद. पेठेंतल्या बोळांत तो फूट चांगलाच जाणवतो. असें असूनही माणसें जास्त मावत ती पद्मिनींतच!

याचें कारण तिच्या रचनेंत आहे. गिअरचा दांडा सुकाणूपाशींच असल्यामुळें पुढें अखंड बाक असे. आजोबा पुढें, आजी व सुना मागें, मुलें मांडीवर, अशा थाटांत सारें घर कात्रजचा घाट चढून वाईकडे निघे. घाटांत पाणी उकळलें, तर गाडी थांबवावी, पेट्रोलच्या पंपावर ओलें फडकें ठेवावें आणि ती निवेपर्यंत झाडाखालीं डबे उघडावे, असा क्रमच ठरलेला होता.

आल्ट्रोझमध्यें पांच जागा आणि पांच पट्टे. सात माणसांचें घर निघालें, कीं दोन गाड्या कराव्या लागतात, आणि आजीच्या मांडीवरचा नातू वेगळ्या आसनावर बांधला जातो. वडील मंडळींस हें खटकतें. त्यांची खंत आम्ही खोटी म्हणत नाहीं. परंतु ताशीं पन्नास किलोमीटर वेगानें जाणारी गाडी आदळली, तर मांडीवरचें मूल आजीच्याच काय, पहिलवानाच्याही हातांत राहत नाहीं. नव्या गाडीचा पुढील भाग स्वतः चेपून आघात सोसतो, पट्टा माणसास जागीं धरतो आणि हवेची पिशवी डोकें सांवरते. मोठ्या माणसांच्या संरक्षणाबद्दल आल्ट्रोझला ग्लोबल एनकॅपच्या परीक्षेंत पांच तारे मिळाले, ते या व्यवस्थेमुळेंच.

पन्नास वर्षें उलटलेल्या व मूळ रूपांत राखलेल्या गाड्यांस ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदविण्याची सोय २०२१ च्या नियमांनीं झाली. अशा गाड्या प्रदर्शनास वा फेरीस न्याव्या. रोजच्या कामास जुंपूं नयेत, असा दंडक आहे. पहिल्या पद्मिनींनीं आतां ती पन्नाशी गांठली आहे. घरांतील वृद्धाप्रमाणें त्यांस मान द्यावा, ओझें देऊं नये, हें आम्हांस रास्त वाटतें.

राहिला प्रश्न एकत्र प्रवासाचा. नवी गाडी घाटांत सहसा थांबत नाहीं. म्हणून आपणच ती थांबवावी. दोन्ही गाड्या कात्रजच्या माथ्यावर सोयीची जागा पाहून उभ्या कराव्या, पट्टे सोडावे आणि डबे एकत्रच उघडावे.