डॉक्टरांवर पाच खटले

सहा महिन्यांत पाच खटले, आणि आरोपी एकच: मुलांच्या एका संस्थेचे संचालक, एक डॉक्टर. एकदा एका मुलाच्या कानाखाली वाजवली म्हणून, एकदा एकाला झोपायच्या खोलीतून बाहेर काढलं म्हणून, एकदा कोपऱ्यात उभं केलं म्हणून, एकदा न्यायाधीशाचा अपमान केला म्हणून आणि एकदा एका मुलीवर चोरीचा आळ घेतला म्हणून. न्यायाधीश कोण? त्याच संस्थेतली मुलं. आणि खटले नोंदवले कुणी? संचालकांनीच, स्वतःवर!

हे वाचल्यापासून मी भेटेल त्याला धरून सांगत सुटले आहे. भाजीवालीसुद्धा सुटलेली नाही. (तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग डॉक्टरला शिक्षा काय झाली?” प्रश्न अगदी नेमका होता.)

डॉक्टरांचं नाव यानुश कोर्चाक. हे लेखनासाठी घेतलेलं नाव; खरं नाव हेन्रिक गोल्डश्मिट. पोलंडमधले ज्यू बालरोगतज्ज्ञ. १९१२मध्ये वॉर्सात क्रोखमाल्ना रस्त्यावर ज्यू मुलांसाठी अनाथालय उभं राहिलं, ते त्यांनी आणि स्तेफानिया विल्चिन्स्का यांनी मिळून चालवलं. खरं म्हणजे डॉक्टर पुस्तकं लिहीत, पहिल्या महायुद्धात तर सैन्यात होते, आणि शंभरेक मुलांचं घर सांभाळत होत्या स्तेफाबाई. पण पुतळे कुणाचे होतात ते आपल्याला ठाऊक आहेच.

तर ते न्यायालय! आपल्याकडे शाळेत मॉनिटर फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहितो ना, तो फळा उलटा करून बघा. इथे कुणीही कुणाचंही नाव लिहू शकतं, मोठ्या माणसाचंसुद्धा. ज्या मुलांवर त्या आठवड्यात एकही तक्रार नाही, त्यांच्यातून चिठ्ठ्या टाकून पाच न्यायाधीश निवडायचे. शिक्षकाचं काम कारकुनाचं: जबान्या लिहून घ्यायच्या, वाचून दाखवायच्या. मत द्यायचा अधिकार त्याला नाही. आणि कायद्याचं पुस्तक तर वेड लावणारं आहे! पहिली ९९ कलमं या ना त्या कारणानं सोडून देण्याची. तक्रार मागे घेतली, तक्रारच फालतू आहे, त्याला ठाऊक नव्हतं, त्यानं रागात केलं, त्याला वाईट वाटतंय. शंभराव्या कलमापासून माफी नाही. पण तिथेही न्यायालय एवढंच म्हणतं की यानं हे केलं. मग आकडे शंभरानं चढत जातात, चूक अधिकाधिक गंभीर ठरत जाते, आणि शेवटी हजारावं कलम: संस्थेतून बाहेर. छडी कुठेच नाही. उपाशी ठेवणंही नाही.

हे सगळं गोडगुलाबी चाललं असं समजू नका. क्षुल्लक तक्रारींचा पूर आला, धटिंगण पोरांनी न्यायालयाची टर उडवली, मध्यंतरी ते काही काळ बंदही ठेवावं लागलं. कोर्चाकांनी हेही लिहून ठेवलंय, म्हणून तर त्यांच्यावर माझा विश्वास बसला. आणि त्या पाच खटल्यांबद्दल ते जे म्हणतात, तिथे मी पुस्तक मिटून गॅलरीत फेऱ्या मारायला लागले. आशय असा: या खटल्यांनी मला शिकवलं की मुलांवर अन्याय न करणारा शिक्षक म्हणजे मुलांवर माया असलेला शिक्षक नव्हे, त्याच्या मनमानीपासून मुलांना वाचवणारी संस्था अस्तित्वात असते, म्हणून तो अन्याय करत नाही.

मायेवर भिस्तच नाही! आपलं तर सगळं मायेवर चाललेलं असतं. आई मारते ती मायेपोटी, मास्तर मारतात ते भल्यासाठी.

मग मी मागे मागे जात राहिले. तत्त्वज्ञांनी मुलांचं काय केलं? गॅरेथ मॅथ्यूज नावाच्या अमेरिकन प्राध्यापकानं १९९४मध्ये ‘द फिलॉसॉफी ऑफ चाइल्डहुड’ हे पुस्तक लिहिलं, म्हणजे हा विषय आता विषय म्हणून उभा आहे. पण मी अडखळले ते जॉन स्टुअर्ट मिलपाशी. ‘ऑन लिबर्टी’, १८५९. व्यक्तिस्वातंत्र्याचा केवढा कैवारी! आणि सुरुवातीलाच मिलसाहेब सांगून टाकतात की हे तत्त्व मुलांना लागू नाही. आणि त्याच कारणासाठी ‘मागासलेल्या’ समाजांनाही नाही, कारण ते समाजही अजून अल्पवयीनच आहेत. त्यांनी नशिबानं एखादा अकबर मिळाला तर मुकाट्यानं त्याचं ऐकावं. हे लिहिणारा गृहस्थ पस्तीस वर्षं ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनमधल्या कचेरीत नोकरीला होता. म्हणजे आपण आणि आपली पोरं एकाच परिच्छेदात, एकाच बाकावर! ‘तुम्ही अजून तयार नाही’ हे वाक्य आपल्याला साहेबाच्या तोंडून झोंबलं. घरात मात्र आपण ते दिवसातून दहादा वापरतो.

यावरचा आक्षेप मलाही दिसतो. दोन वर्षांचं मूल रस्त्यावर धावलं तर त्याचा दंड धरून मागे ओढायचंच, तिथे चिठ्ठ्या टाकत बसायचं नाही. मूल आणि मोठा माणूस सगळ्याच बाबतीत सारखे, असं कोर्चाकही म्हणत नाहीत. पण त्यांनी प्रश्नच बदलला आहे, असं मला वाटतं. मुलाला किती कळतं, याची परीक्षा ते घेत नाहीत. ज्याच्या हातात दंड आहे त्याला जाब विचारायची जागा कुठे आहे, एवढंच ते विचारतात. आपल्याकडे २००९च्या शिक्षणहक्क कायद्याच्या १७व्या कलमानं शाळेतला मार आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी घातली. उत्तमच झालं. पण वर्गातल्या पोरानं त्याच आठवड्यात, त्याच इमारतीत, आपल्या बाईंचं नाव लिहायचं कुठे?

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. कोर्चाकांनी मुलांचे जे हक्क मांडले, त्यात पहिलाच आहे मरणाचा हक्क. दचकलात ना? मीही दचकले. म्हणणं असं की मूल दगावेल या धास्तीनं आपण त्याला जगूच देत नाही. झाडावर चढू नको, पाण्यात जाऊ नको, उद्यासाठी आज जपून ठेव. दुसरा हक्क म्हणूनच आजच्या दिवसाचा. आणि १८ जुलै १९४२ला, वॉर्साच्या घेट्टोत, कोर्चाकांच्या मुलांनी नाटक केलं ते कुठलं? रवींद्रनाथांचं ‘डाकघर’! आजारी अमलला वैद्यानं बाहेरची हवासुद्धा वर्ज्य केली आहे आणि तो खिडकीत बसून रस्त्यावरच्या दहीवाल्याशी गप्पा मारतोय. कोर्चाकांचा तो पहिला हक्कच रंगमंचावर आला, असं मला तरी वाटलं. पुढच्याच महिन्यात नाझींनी जवळपास दोनशे मुलांना ट्रेब्लिंकाच्या मृत्युछावणीत नेलं. कोर्चाक आणि स्तेफाबाई त्यांच्याबरोबर गेले.

१९७८मध्ये बालहक्कांच्या कराराचा मसुदा संयुक्त राष्ट्रांत पोलंडनंच मांडला. १९८९मध्ये तो करार झाला, १९९२मध्ये भारत त्यात सामील झाला.

हे सगळं मी माझ्या आठ वर्षांच्या भाचीला सांगितलं, अर्थात ट्रेब्लिंका वगळून. तिला रस एकाच गोष्टीत. कोर्चाकांनी मुलांच्या खिशातल्या नि कप्प्यातल्या चीजवस्तूंबद्दल लिहिलंय: दोऱ्या, खिळे, खडे, रंगीत काचा. कचरा म्हणून ते फेकणाऱ्या मोठ्या माणसाला ते सरळ गुन्हेगार म्हणतात. भाची ताठ बसली. दिवाळीच्या साफसफाईत तिचा बुटांचा खोका गेला होता. त्यात चिंचोके, तीन गारगोट्या, एसटीची तिकिटं आणि कुठल्याशा घड्याळाचा काटा होता. “आत्या, आजीवर केस करता येईल?”

येईल म्हटलं. पण घरात मूल एकच, पाच न्यायाधीश आणायचे कुठून? तर सोसायटीतली पोरं गोळा झाली आहेत, कारकून मी, वही आणलेली आहे. रविवारी संध्याकाळी चिठ्ठ्या. आजी हजर राहायला तयार आहे, मात्र तिची अट आहे की तिलाही तक्रार नोंदवू द्यायची: दुपारी दोन ते चार जिन्यात चेंडू कोण आपटतं, याची. मी कोर्चाकांच्या नियमांत पाहिलं. मोठ्यांनाही तक्रार नोंदवायला मुभा आहे.