तीन क्विंटल सोयाबीनची गिटार

बाजारात बैल घ्यायला गेलो तर आपण काय करतो? दात बघतो, खूर बघतो, पाठीवरून हात फिरवतो, चार पावले चालवून बघतो. शिंगांना लावलेल्या रंगावर भुलून कोणी पैसे मोजत नाही. पण घरातल्या लेकराने अशी एखादी वस्तू मागितली, की जी आपल्या सात पिढ्यांत कोणी हातात धरली नाही, तर आपली सारी पारख कुठे जाते कोण जाणे! एक तर आपण सरळ नाही म्हणतो, नाहीतर दुकानदार देईल ती वस्तू त्याच्या भावाने घेऊन घरी येतो. या दोन्हींच्या मधला एक रस्ता आहे. तोच आज सांगायचा आहे. वस्तू आहे विजेवरची गिटार.

तुम्ही म्हणाल, मोताळ्यासारख्या ठिकाणी कापूस, सोयाबीन, तुरीच्या गोष्टी सोडून ही बाई गिटारचे काय घेऊन बसली? पण गावोगाव आता मोबाईल पोचला आहे आणि त्याबरोबर जगभरचे सूरही पोचले आहेत. आज माझ्या मुलीने मागितली, उद्या तुमच्या घरातही कोणी मागेल.

माझी धाकटी मुलगी अकरावीत आहे. आजोबांच्या मांडीवर बसून ती भजनात पेटी शिकली, त्यामुळे तिला सुराचा कान आहे. तिने दिवाळीआधी विषय काढला. "आई, मले गिटार पायजे. पण साधी नाही, करंटवरची." घरात तीन रात्री हाच विषय चालला. मामाजी, म्हणजे माझे सासरे, म्हणाले, "काऊन बाप्पा, आपली पेटी काय वाईट हाये? हे इंग्रजायचं वाद्य घरात कायले?" मुलीच्या वडिलांनी खर्चाचा मुद्दा काढला. आणि शेजारच्या आत्याबाईंनी न विचारताच सांगितले, की पोरीची जात, उद्या सासरी जाणार, गिटार काय हुंड्यात देणार?

मी एवढेच म्हटले, की मोठ्या मुलाला जुनी मोटारसायकल घेतली तेव्हा या घरात एक रात्रही चर्चा झाली नव्हती. घेतली ते बरेच झाले, त्याला कॉलेजला जायला लागते. पण पोराला लागते ती गरज आणि पोरीला लागते ती हौस, हा हिशोब मला मान्य नाही. मोटारसायकलच्या चौथाईत बसेल तेवढेच मागते आहे पोरगी. घरात कोणी काही बोलले नाही. तिसऱ्या रात्री मुलीचे वडील म्हणाले, "सोळा हजाराच्या वर एक रुपया नाही. आणि नीट पाहून घ्या."

सोळा हजार म्हणजे किती, हे शहरातल्या माणसाला वेगळे वाटते आणि आपल्याला वेगळे. २०२५-२६ च्या हंगामासाठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये जाहीर झाला. म्हणजे हमीभाव मिळाला तर तीन क्विंटल सोयाबीन. तो सगळ्यांच्याच पदरात पडतो असे नाही, हे तुम्हाला मी सांगायला नको. तीन क्विंटल सोयाबीन निंदून, सोंगून, काढून घरात यायला किती घाम लागतो ते ज्याने गाळला त्यालाच ठाऊक. म्हणून त्या पैशाची वस्तू बैलासारखीच पारखून घ्यायची, असे मी मनाशी ठरवले.

मामाजींच्या बोलण्याचेही उत्तर द्यायला हवे होते, पण मानाने. आज वारकऱ्यापासून कीर्तनकारापर्यंत सगळ्यांची झालेली पेटी मुळात आपली नाही, ती युरोपातून आली. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी १८७५ च्या सुमारास जमिनीवर मांडी घालून वाजवता येईल असा हाताच्या भात्याचा तिचा घाट बसवला. परकी म्हणूनच १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीला दार बंद केले आणि ते १९७१ पर्यंत बंद राहिले. मुलीने हे आजोबांना वाचून दाखवले. ते बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "म्हंजे आमची पेटीबी पावनीच व्हय!" त्यांचा विरोध तिथेच मावळला.

आता पारख कोणाकडून शिकायची? मलकापूरला गाडीत बसलो आणि भुसावळला गेलो. तिथे माझ्या भावाच्या ओळखीचे, रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. तरुणपणी त्यांनी ऑर्केस्ट्रात गिटार वाजवली. त्यांनी चहा पाजला आणि दोन तास समजावून सांगितले. त्यांचे सांगणे मी आपल्या भाषेत मांडते.

पहिली गोष्ट, हे वाद्य चालते कसे. साध्या गिटारचे पोट पोकळ असते, तारेचा आवाज त्या पोटात घुमून मोठा होतो. विजेवरची गिटार बहुधा भरीव लाकडाची असते, तिला पोट नाही. तिच्या तारांखाली लोहचुंबक असते आणि त्याभोवती केसासारख्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे असतात. याला पिकअप म्हणतात. आपली विहिरीवरची मोटार जळली की आपण वाइंडिंग करून आणतो ना, तसलेच हे वाइंडिंग समजा. मोटारीत वीज जाते आणि मोटार फिरते. इथे उलटे आहे. पोलादी तार थरथरली की चुंबकाच्या प्रभावात हालचाल होते आणि वेढ्यांत अगदी थोडी वीज उत्पन्न होते. सायकलच्या डायनॅमोचा हा लहान भाऊ. ती वीज केबलमधून ॲम्प्लिफायरमध्ये जाते आणि आवाज मोठा होऊन बाहेर येतो. म्हणून गिटार एकटी घेऊन भागत नाही, ॲम्प्लिफायर लागतोच. सगळे पैसे गिटारवर घालणारा माणूस बैलजोडी घेऊन औताला पैसे न ठेवणाऱ्यासारखा आहे.

हे वाद्य निघाले तेही गरजेपोटी. बँडच्या गलक्यात गिटारचा आवाज ऐकू जाईना, म्हणून १९३२ च्या सुमारास अमेरिकेत रिकनबॅकर कंपनीने विजेवरची गिटार विकायला आणली. पुढे १९५४ मध्ये लिओ फेंडर यांनी स्ट्रॅटोकॅस्टर नावाची गिटार काढली. आजही स्वस्तातल्या कितीतरी गिटारी तिच्याच घाटाच्या असतात. आणि हे फेंडर मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! हे ऐकून मला मोठा धीर आला. वाजवता येत नसले तरी पारखता येते.

आता पारख. गिटारची मान डोळ्यासमोर धरायची आणि सुतार फळी बघतो तशी एका टोकाकडून बघायची. थोडासा बाक असला तर आतल्या लोखंडी सळईचा आटा फिरवून काढता येतो. पण मानेला पीळ पडला असेल तर फुकट दिली तरी घेऊ नये. मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. त्या बहुधा २१ किंवा २२ असतात. मानेच्या कडेवरून हात फिरवायचा, पट्टीची टोके बोटाला टोचता कामा नयेत. मग प्रत्येक तार प्रत्येक फ्रेटवर दाबून वाजवायची. सहा तारा आणि बावीस फ्रेट म्हणजे १३२ जागा. दुकानदार कंटाळला तरी आपण कंटाळायचे नाही. जिथे तार खर्र करते किंवा मुकी होते ती जागा खोटी.

त्यानंतर बारावी फ्रेट. ती तारेच्या बरोबर मध्यावर असते. मोकळ्या तारेचा सूर आणि बाराव्या फ्रेटवरचा सूर, यांत खालचा सा आणि वरचा सा एवढेच अंतर हवे. थोडा फरक असेल तर दुसऱ्या टोकाला तारेखाली स्क्रू असतो, त्याने जुळवता येतो. जुळतच नसेल तर गिटार सोडून द्यायची. पेटीवर कान तयार झालेल्या पोरीला हे लगेच कळते.

खुंट्या पिळून सूर लावायचा, तारा थोड्या ताणायच्या आणि पुन्हा बघायचे. सूर लगेच उतरला तर खुंट्या ढिल्या. हे सगळे वीज न लावता करायचे. मग केबल लावून बटणे फिरवायची, खरखर येते का, कळ फिरवल्यावर सगळे पिकअप बोलतात का, केबलच्या भोकात आवाज तुटतो का ते पाहायचे. काकांनी आणखी एक बजावले. आवाज लहरवण्याचा दांडा असलेल्या गिटारी स्वस्तात चांगल्या क्वचित मिळतात, त्यांचा सूर चटकन उतरतो. नवशिक्याने तारा पक्क्या बसणारी साधी घोडी घ्यावी.

पिकअप दोन तऱ्हेचे असतात. एका वेढ्याचा पिकअप स्वच्छ बोलतो, पण आसपासच्या विजेची घूं घूं पकडतो. दोन उलट वेढ्यांच्या पिकअपमध्ये ती घरघर एकमेकींना मारते. आपल्या गावाकडची लाईन आणि वायरिंग बघता आम्ही दोन वेढ्यांचा बरा असे ठरवले.

आम्ही तीन गिटारी पाहिल्या. पहिली एका मोठ्या दुकानातली, कोरी, लाल, आरशासारखी चकचकीत, ॲम्प्लिफायरसकट आमच्या पैशांत बसणारी. पोरगी तिच्यावर भाळली होती. पण पातळ तारेवर चार जागी खर्र झाले. दुकानदार म्हणाला, "वाजवून वाजवून बसेल." बैल चालून चालून सरळ होतो का? आम्ही निघालो. दुसरी जुन्या हाताची, मोठ्या नावाची, पण मानेला पीळ. तिसरीसाठी राजूर घाट चढून बुलढाण्याहून पुढे छत्रपती संभाजीनगरला गेलो. एका विद्यार्थ्याची होती, शिक्षण संपवून तो नोकरीला निघाला होता. रंग काळपट, एका कोपऱ्याला टवका उडालेला, नावही फार मोठे नाही. पण १३२ च्या १३२ जागा बोलल्या. पोरीने डोळे मिटून बारावी फ्रेट ऐकली आणि माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. ९,५०० ला ठरली.

हिशोब असा झाला. गिटार ९,५००, हेडफोन लावता येणारा लहान ॲम्प्लिफायर ४,०००, केबल, पिशवी, नव्या बारीक तारा आणि वाजवायच्या पिक मिळून १,५००, कारागिराकडून तारांची उंची नीट करून घेतली त्याचे ६००. एकूण १५,६००. उरलेले ४०० पुढच्या तारांसाठी डब्यात ठेवले. सूर लावायचे यंत्र वेगळे घेतले नाही, मोबाईलवर ते फुकट मिळते.

घरी आल्यावर एक काम मी आधी केले, तेवढे तुम्हीही करा. वायरमनला बोलावून अर्थिंग तपासून घेतली. या गिटारच्या तारा ॲम्प्लिफायरच्या अर्थशी जोडलेल्या असतात. अर्थिंग नसेल आणि ॲम्प्लिफायरमध्ये बिघाड झाला, तर झटका वाजवणाऱ्याच्या हातात येतो. तीन पिनचा प्लग दोन पिनच्या भोकात घुसवू नका. ओल्या पायाने वाजवू देऊ नका.

ज्यांच्याजवळ सोळा हजारही नाहीत त्यांच्यासाठी एक खरी गोष्ट सांगते. इंग्लंडमध्ये ब्रायन मे नावाच्या पोराला चांगली गिटार परवडत नव्हती. १९६३ मध्ये त्याने आणि त्याच्या वडिलांनी घरीच एक करायला घेतली. मान जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा जुन्या मोटारसायकलच्या, मानेवरच्या खुणांना आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणे. दोन वर्षे लागली. तीच गिटार त्याने पुढे क्वीन या जगप्रसिद्ध बँडमध्ये वाजवली. २००२ मध्ये राणीच्या राजवाड्याच्या गच्चीवर उभे राहून त्याने वाजवली तीही हीच. त्या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला. आणि गिटारने अभ्यास बुडतो म्हणणाऱ्यांसाठी सांगते, या ब्रायन मेने २००७ मध्ये खगोलशास्त्रात पीएच.डी. मिळवली.

आमची पोरगी पीएच.डी. होईल की नाही, स्टेजवर जाईल की नाही, मला माहीत नाही. रात्री जेवणे झाली की ती हेडफोन लावून तासभर वाजवते, बाहेर नुसती तारांची टिकटिक ऐकू येते. बोटांच्या टोकांना घट्टे पडले आहेत. कापूस वेचणाऱ्या बायांच्या बोटांना पडतात तसेच, ते बघून मला ती आपलीच वाटते. मधल्या एकादशीला मामाजींनीच तिला भजनात बसवले. तिने टाळांच्या मागे हळू सूर धरला. म्हातारी मंडळी आधी दचकली, मग डोलली.

आत्याबाईंनी विचारलेला प्रश्न मात्र अजून तसाच आहे, सासरी गेल्यावर काय? त्याचे माझे उत्तर ठरले आहे. ती जाईल तिथे गिटार तिच्याबरोबर जाईल, आणि स्थळ बघताना हेही बोलून घेतले जाईल. बहिणींनो, तुमच्या घरात कोणी पोर काही मागत असेल तर आधी ऐकून घ्या. पैसे किती ते स्पष्ट सांगा, जाणत्याकडे जा आणि वस्तू वाजवून घ्या. आणि पोरगी मागत असेल तर तिच्या आणि भावाच्या मागण्याला एकच माप लावा, एवढेच माझे सांगणे.